पुलावर पहिली विठाबाई

आमच्या वाडीत वजनाला मान होता आणि तो मान विठाबाईचा होता. वरंध घाटाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे आमची वाडी. पावसाळा सरला की घरटी एकेक ओंडका काढून आम्ही साकव बांधायचो. त्यावरून आधी वाडीतलं सगळ्यात जड माणूस जायचं आणि ते सुखरूप पोचलं की मग बाकीचे. विठाबाई साकवाच्या मधोमध दोन उड्या मारायची, पलीकडच्या सडकेला हात लावून परत यायची आणि वर्षभर तोरा मिरवायची. नवऱ्यालासुद्धा म्हणायची, "तुला कोन इचारतो, तू काडी."

अठ्ठ्याहत्तर साली बांधकाम खात्यानं तिथं ट्रक जाईल असा लाकडी पूल बांधला. फळीला फळी खिळ्यांनी ठोकून केलेल्या जाडजूड तुळया, वर डांबर. सगळी वाडी हरखून गेली, विठाबाई तेवढी गाल फुगवून बसली. कारण पुलाची ताकद बघायला पहिला मान दगडांनी भरलेल्या ट्रकचा, असं खात्याच्या साहेबांनी जाहीर केलं होतं.

"माज्या आधी?" म्हणत तिनं पुलावरच फतकल मारली.

साहेब हात जोडून म्हणाले, "बाई, ट्रक तुमच्यापेक्षा जड आहे हो."

असं तिला जन्मात कुणी बोललं नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आवरत नव्हतं, तरी तिची कीव आली.

इतक्यात सडकेवर ट्रकवाल्या महिपतनं किल्ली काढून खिशात टाकली. पोलादपूरचा हा गडी, घाटात कधी न डगमगणारा. "सायेब, लाकडावर मी गाडी घालनार नाय. घरी बायकोपोरं हायत." साहेबांनी त्याला आकडे सांगितले, तुळया ठोकून दाखवल्या. महिपत ढिम्म.

विठाबाई उठली. तिनं दोन उड्या मारल्या. पूल हललासुद्धा नाही. चिडून आणखी मारल्या. मग कमळाबाईनं तिचे हात धरले, बाकीच्या बायका धावल्या आणि पुलावर फुगड्याच सुरू झाल्या. साहेब नुसते बघत राहिले. धापा टाकत विठाबाई थेट ट्रकमध्ये महिपतच्या शेजारी जाऊन बसली.

"चल रे. मी हाय ना."

आणि महिपत निघाला की! फळ्या धडधडल्या, आम्ही ओरडत मागे धावलो, साहेबही टोपी सावरत धावले.

वाडीच्या बाजूला विठाबाईची शेजारीण जानकीबाई ओवाळायला उभी होती. पण विठाबाई काही उतरेना.

"उतर गो," जानकीबाई म्हणाली.

"नाय. दर वरसाला समद्यांच्या आधी पलीकडं मीच गेले. तुमी फुडं बाजाराला गेलात, लेकींकडं गेलात. मी आपली सडकेला हात लावून म्हशींकडं माघारी." तिचे डोळे भरले होते. "महिपत, गाडी फिरव. मला म्हाडचा बाजार बघायचा हाय."

जानकीबाईनं टाचा उंचावून तिला खिडकीतूनच ओवाळलं.

"जा," ती म्हणाली. "म्हशी मी पिळते."