बाबलकाकांनी ओढलेला धागा

बाबलकाका आमच्या कणकवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. मूळचे मालवणकडच्या मच्छीमार घरातले. पुडीचा असो की कुणाच्या ओढणीचा, हाती आलेला दोरा दोन्ही हातांनी ताणून बघितल्याशिवाय ते खाली ठेवत नसत.

तिसऱ्या वर्षाला मी प्रकल्पासाठी रेशमाच्या अळ्या पाळल्या होत्या. कोश विणायच्या बेतात असलेली एक अळी मेली. तिच्या रेशीमग्रंथीतला चिकट रस मी काचेवर वाळवला, तर बोट लावताच त्याचे तुकडे पडले.

"सुकान कडक जाता गो चेडवा, पण मजबूत जायना," काका म्हणाले. त्यांनी त्याच अळीची दुसरी ग्रंथी व्हिनेगरात बुडवून ठेवली आणि दुपारी दोन टोकं चिमटीत धरून संथपणे ओढली. हातभर धागा झाला. मला तो तोडता आला नाही. नायलॉन येण्याआधी त्यांचे आजोबा गळाला असलाच धागा बांधत.

"किडो धागो भायर ढकलणा नाय. टोक खंय तरी चिकटयता आणि मान हलवन ओढता. ओढता म्हणान ता रेशीम."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं हेच विचारलं. मी घडाघडा सांगितलं. ते खूश झाले. "कुठं वाचलंस हे?"

काका शेजारीच अळ्यांचा ट्रे धरून उभे होते.

"इंटरनेटवर, सर."

शिपायाचं नाव घेतलं तर मार्क जातील, असं वाटलं असावं. काकांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि ते पुढच्या मुलाच्या कात्र्या पुसायला गेले.

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी माफी मागायला गेले. पडवीत ते जाळं सांधत बसले होते.

"मार्क बरे गावले मा?" एवढंच त्यांनी विचारलं. मग जाळं बाजूला ठेवलं. "आता माका येक सांग. ओढताना आत नेमका काय घडता?"

इतकी वर्षं ते दारात उभं राहून तास ऐकत आले होते, आणि हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. रसात प्रथिनांच्या लांब साखळ्या विस्कटलेल्या असतात. अळीच्या अरुंद नळीतून जाताना पाणी कमी होतं, आणि ताण बसला की त्या एका दिशेला येऊन एकमेकींना घट्ट धरतात. काकांनी ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग आत बायकोला हाक मारली, "गो, भायर ये. ही काय सांगता ता आयक."

गेल्या वर्षी ते गेले. मी आता हाच विषय शिकवते. रेशमाचा धडा आला की आधी त्यांचं पूर्ण नाव सांगते, मग फळ्यावर साखळ्या काढते.

"कुठल्या विद्यापीठाचे, मॅडम?" मुलं विचारतात.

"प्रयोगशाळेतले शिपाई होते," मी सांगते.