वाचनालयाच्या ग्रुपवर तेलुगू कपाट

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी हल्ली सारखी फोनमध्ये का असते. तेव्हा घाईत सांगता आलं नाही. कालच निकाल लागला आणि मला राहवत नाही, म्हणून लगेच लिहिते.

नवी पेठेजवळच्या वाचनालयात मी दुपारी ग्रंथपालबाईंना मदत करते. तिथं तेलुगू पुस्तकांचं एक कपाट आहे. इथल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतल्या जुन्या मंडळींनी ती दिलेली. त्यात बाईंच्या आजोबांचीही आहेत. अलीकडे कुणी नेत नव्हतं. कार्यकारिणीनं ठरवलं, महिन्याभरात वाचक आले नाहीत तर पुस्तकं रद्दीत आणि त्या जागी संगणक. बाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं.

आम्ही सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मी शिस्तीत रोज सकाळी एकेका पुस्तकाचा फोटो टाकू लागले. उत्तरादाखल गुलाबाची फुलं येत. शेवटी एका सभासदानं लिहिलं, "आजी, रोज तेच पुस्तक का टाकताय?"

खरंच की. आमच्याकडे नवं पुस्तक आलं, की मुखपृष्ठ काढून तपकिरी कापडाची बांधणी होते. फोटोत सगळी जुळी भावंडं.

"मग उघडूनच दाखवू," बाई म्हणाल्या. त्यांना तेलुगू घरात बोलता येतं, वाचताना मात्र अडखळतात. तरी त्यांनी एक पान वाचलं, मी रेकॉर्ड केलं आणि पाठवून दिलं.

थोड्याच वेळात फोन वाजायला लागला तो थांबेचना. ग्रुपवर पहिला आवाजी निरोप चादरींच्या दुकानातल्या काकांचा: "बाई, लई चुकतंय की. थांबा, मी येऊन वाचतो."

लगेच त्यांच्या थोरल्या बहिणीचा: "त्याला बोलवू नका. शाळेत जोडाक्षर दिसलं की पळायचा. मी येते."

दोघंही आले. एका ओळीवरून भांडत भांडत पान संपवलं. ते ऐकायला दुसऱ्या दिवशी सुना आल्या, शेजारणी आल्या, खुर्च्या कमी पडल्या. मला तर एका जागी बसवेना. जाताना एका सुनेनं पुस्तक घरी मागितलं, तेव्हा बाईंनी लगेच शिक्का मारून दिला.

काल कार्यकारिणीनं संगणक जिन्याजवळ ठेवायचं ठरवलं. कपाटातली काही पुस्तकं वाळवीनं आधीच खाल्ली होती, ती गेली. बाकीची आहेत, आणि लोक ती नेत आहेत.