चौथ्या दिवसाची भरती

चौथ्या दिवसाच्या रेघेवर माझं पेन थांबलं.

पेनात शाई भरलेली, कोपर टेबलावर टेकलेलं, तळहाताखाली टिपकागद. टिपकागद अशासाठी, की ट्रेसिंगच्या कापडाला खळ असते. त्यावर घामाचा एक थेंब पडला की डाग पडतो आणि तीन दिवसांचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. कुवेतच्या अहमदी गावातल्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात खिडकीला एअरकंडिशनर होता, पण तो गारव्यापेक्षा आवाज जास्त द्यायचा.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी एका तेल कंपनीत ट्रेसर होतो. इंजिनीअर पेन्सिलीने ड्रॉइंग काढतो. ट्रेसर त्यावर पारदर्शक कापड ताणून बसवतो आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवतो. त्या कापडावरून मग हव्या तेवढ्या प्रिंट काढता येतात. या कामात स्वतःची अक्कल चालवायची नसते. खालची रेघ वाकडी असेल तर वरचीही वाकडीच हवी.

हे मला अंमळ उशिरा कळलं. सहा महिन्यांपूर्वी एका ड्रॉइंगमधला व्हॉल्व्ह मला चुकीच्या जागी वाटला. मी तो कुणाला न विचारता अर्धा इंच सरकवला. व्हॉल्व्ह होता तिथेच बरोबर होता. साइटवर आठवडाभराचं काम उकलावं लागलं. आमचे हेड ड्राफ्ट्समन दामले मला चीफ इंजिनीअर हॅलम साहेबांपुढे घेऊन गेले. साहेब ओरडले नाहीत. "परकार, पुन्हा असं झालं तर मुंबईची बोट," एवढंच म्हणाले. जयगडच्या खाडीकाठी माझी आई, बायको आणि दोन मुली माझ्या मनिऑर्डरीची वाट बघत असत. मी त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं.

आणि आता टेबलावर होता तो खुद्द हॅलम साहेबांचा खासगी नकाशा.

साहेब जुलैमध्ये रजेवर जाणार होते. सोबत मेमसाहेब आणि एक मित्र जोडपं. जायचं कुठे, तर नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, लोफोतेन नावाच्या बेटांच्या रांगेत. कशाला, तर डोंगर चढायला. सात दिवस, रोज एक डोंगरवाट. साहेबांनी जुन्या नकाशावर सातही वाटा पेन्सिलीने आखल्या होत्या, बाजूला निघायच्या आणि जेवणाच्या वेळा लिहिल्या होत्या. ते सगळं त्यांना एका कागदावर, खिशात मावेल असं हवं होतं.

पहिले तीन दिवस ट्रेस करताना मला जी मजा आली, ती कुवेतमध्ये कधीच आली नव्हती. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ असते, तिला कंटूर म्हणतात. कुवेतची जमीन सपाट, त्यामुळे इथे एक कंटूर काढला की दुसरा शोधायला चार बोटं सरकावं लागे. लोफोतेनचे कंटूर मात्र एकमेकांना चिकटून बसलेले. समुद्रातूनच डोंगर उठतो आणि सरळ तीन हजार फूट वर जातो. पहिल्या दिवसाची वाट एका खिंडीत चढत होती, तिथून दोन्ही अंगांना समुद्र. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या कुशीत एक तळं. तिसऱ्या दिवशी सगळ्यात उंच सुळका, आणि पायथ्याशी कोळ्यांची वस्ती. साहेबांनी सांगितलं होतं की ते लोक लाकडाच्या मांडवांवर मासे सुकवतात. हे ऐकून मला ती माणसं आपल्यातलीच वाटू लागली. जो मासे सुकवतो तो परका कसा?

चौथा दिवस विश्रांतीचा. डोंगर नाही, नुसती किनाऱ्याची वाट. एका भूशिराला वळसा घालून पलीकडच्या गावात जायचं, सहा मैल. निघायचं साडेनऊला. बाराला मध्यावरच्या पांढऱ्या वाळूवर जेवण. ही वाट नकाशावर बारीक ठिपक्यांमधून जात होती, आणि तिच्या मागे कंटूर इतके दाट की शाई एकमेकांत मिसळेल. म्हणजे पाठीशी हजार फुटांचा उभा कडा.

ठिपक्यांचा अर्थ मला माहीत होता. ओहोटीला उघडी पडणारी आणि भरतीला बुडणारी जागा.

आमच्या गावालाही असंच भूशिर आहे. खाली खडप, म्हणजे खडकाळ किनारा, वर कडा. बायका तिथे कालवं काढायला जातात. कालवं काढणारी बाई घड्याळ बघत नाही, आधी तिथी विचारते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी जेमतेम हलतं. उधाणाच्या भरतीत खडपावर सापडलेल्या माणसाला वर चढायला वाट नसते. अशी दोन प्रेतं मी लहानपणी पाहिली होती.

भिंतीवर शेजारच्या फिंतास गावातल्या बकालेवाल्याने, म्हणजे वाण्याने, दिलेलं इंग्रजी आणि अरबी तारखांचं कॅलेंडर होतं. मी बोटाने दिवस मोजले. चौथा दिवस मोहरमच्या चौदाव्या चांदाला येत होता. पौर्णिमा.

मी दामल्यांकडे गेलो आणि चौथ्या दिवसाची वाट उधाणात बुडेल असं सांगितलं.

"अहो परकार," ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही ट्रेसर आहात, भूगोलाचे मास्तर नव्हे. साहेब त्या बेटांवर जाऊन आलेत. तुम्ही आलात का?"

"नाही."

"मग व्हॉल्व्ह विसरलात वाटतं."

विसरलो नव्हतो, तीच तर अडचण होती. बोललो आणि पुन्हा चुकलो तर मुंबईची बोट. गप्प बसलो आणि माझा अंदाज खरा निघाला तर चार माणसं कड्याखाली बुडणार. मला दामल्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण व्हॉल्व्ह सरकवून माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली होती.

शुक्रवारी सुट्टी होती. मी फिंतासला कासमचाचांकडे गेलो. ते आमच्याच गावचे. तरुणपणी गलबतावर नाखवा होते, आता तेलाच्या जहाजांना धक्क्याला लावणाऱ्या लाँचवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, आपल्या किनाऱ्याचा हिशोब इतक्या लांब चालेल का?

चाचांनी विडी विझवली. "टाइम बंदराबंदराचा येगला असतो. उधान मात्र सगल्या दुन्येला एकदमच. चांद काय दोन हायत?"

"पण टाइम कसा कळायचा?"

"धक्क्याला नॉर्वेचा जहाज लागलाय. तेच्या अफसराकडं भरतीचा बुक असनारच. तू गावाचा नाव आनि तारीख लिवून दे. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी पाठवली. जहाजावरच्या अधिकाऱ्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: त्या दिवशी पूर्ण भरती दुपारी साडेबाराला, पाण्याचा चढ-उतार दहा फूट. ओहोटी सकाळी सव्वासहाला.

आता मी माझ्या पद्धतीने काम केलं. या वेळी काहीही सरकवलं नाही. साहेबांची चौथ्या दिवसाची रेघ होती तशी, केसाचाही फरक न करता शाईने उतरवली. मग वेगळ्या कागदावर एक सेक्शन काढलं. सेक्शन म्हणजे उभा छेद, जमीन सुरीने कापली तर बाजूने कशी दिसेल ते. डावीकडे कडा, मध्ये पांढरी वाळू, उजवीकडे समुद्र. वाळूवर चार माणसं जेवायला थांबलेली, तीही स्केलमध्ये. तीन उंच, चौथी मेमसाहेबांची आकृती, त्या बुटक्या होत्या. शेवटी साडेबाराच्या पाण्याची निळी रेघ ओढली. वाळू भरती-ओहोटीच्या मध्यापेक्षा जराशी वर होती, म्हणजे तिच्यावर सव्वाचार फूट पाणी. निळी रेघ तिघांच्या छातीवरून गेली. मेमसाहेबांच्या हनुवटीवरून गेली.

दामल्यांनी ते सेक्शन बराच वेळ पाहिलं. मग उठले आणि माझ्यासोबत साहेबांच्या केबिनपर्यंत आले. दार मात्र मलाच वाजवायला लावलं.

हॅलम साहेबांनी आधी ट्रेसिंग पाहिलं. "उत्तम," म्हणाले. मग सेक्शन पाहिलं आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"हे मी मागितलं नव्हतं."

"नाही, सर."

"मी या वाटेने आधी चालून आलोय, परकार. बूटसुद्धा भिजले नव्हते."

"त्या दिवशी चंद्र कसा होता, सर?"

"चंद्र? तिकडे उन्हाळ्यात रात्रच होत नाही. चंद्राकडे बघतंय कोण?"

"मग बहुतेक भांगाचे दिवस असतील, सर. पाणी कमी चढतं तेव्हा. या वेळी तुमचा चौथा दिवस पौर्णिमेला येतोय."

मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली. नॉर्वेच्या अधिकाऱ्याचं अक्षर आणि सही बघून फोन उचलला, धक्क्यावर बोलले, जहाजाचं नाव विचारलं. मी उभाच होतो. दामले छताकडे बघत होते. फोन ठेवल्यावर साहेबांनी सेक्शन पुन्हा पुढे ओढलं.

"मग ही वाट सोडायची?" त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता. आता ते मला विचारत होते.

"कशाला सोडायची, सर? तुम्हीच म्हणालात, तिकडे रात्र नसते. पहाटे साडेचारला निघा. साडेसहाला वाळूवर न्याहारी करा, तेव्हा समुद्र सगळ्यात लांब गेलेला असेल. नऊच्या आत पलीकडच्या गावात."

साहेबांनी पेन्सिल घेतली, साडेनऊ खोडलं, साडेचार लिहिलं. मग ट्रेसिंगच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन रकाने असतात: ड्रॉन बाय, ट्रेस्ड बाय, चेक्ड बाय. तिसरा रकाना फक्त सीनियर लोकांचा.

"तिसऱ्यातही तुझंच नाव घाल," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर दामले म्हणाले, "नाव नीट ठळक अक्षरात घाला. प्रिंटमध्ये फिकं येतं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्यनारायणाचा प्रसादच. मी जागेवर जाऊन बसलो आणि तिसऱ्या रकान्यात ठळक अक्षरात माझं नाव घातलं.

ऑगस्टमध्ये साहेब परतले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मेमसाहेब ड्रॉइंग ऑफिसात आल्या. तिथे बाईमाणूस कधी येत नसे, त्यामुळे सगळे उभे राहिले. त्यांनी विचारलं, परकार कोण? मी पुढे झालो.

"तुझ्यामुळे मला सुट्टीत पहाटे साडेतीनला उठावं लागलं," त्या म्हणाल्या. "मी तुला भरपूर शिव्या दिल्या."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्यांनी पर्समधून एक फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. पलीकडच्या गावात पोचल्यावर दुपारी ते सगळे पाण्याचं काय होतं ते बघायला वरच्या धारेवर चढले होते. फोटो साडेबाराचा होता. डावीकडे उभा कडा आणि कड्यालाच भिडलेला समुद्र, लाटा फुटताना पांढरा फेस. वाळू नव्हती. वाट नव्हती. पाण्यातून एका खडकाचं फक्त टोक वर आलं होतं.

"सकाळी याच खडकाला टेकून मी कॉफी प्यायले," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला पोहता येत नाही, मिस्टर परकार."

त्यांनी माझ्याशी हात मिळवला. हाताला शाई लागली, तरी लगेच सोडला नाही.

पुढच्या महिन्यात मला ड्राफ्ट्समन केलं. कुवेत सोडेपर्यंत मी पुष्कळ ड्रॉइंग तपासली आणि पुष्कळ साहेबांच्या चुका काढल्या. नवीन पोरांना एकच सांगत आलो: शंका आली तर जरूर बोला, पण नुसती शंका घेऊन साहेबाकडे जाऊ नका. सोबत एक आकडा न्या, एक आकृती न्या, आणि आकृतीत पाणी साहेबाच्या घरच्या माणसाच्या हनुवटीपर्यंत दाखवा.