आबांचं वळणारं लिंबू

परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पिंप्राळ्याच्या घरी सरबतासाठी लिंबू पिळलं, आणि बोटांना लागलेल्या वासाने मी थेट धरणगावजवळच्या आमच्या गावात जाऊन पोहोचले.

तिथे आखाजीला लिंबू फेकायची पैज लागायची. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत लिंबू ठरलेल्या फेकींत न्यायचं. मी लहान असताना एका वर्षी माझे वडील, आबा, पैजेला उतरले. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून चारचौघांत तो हात ते खिशातच ठेवायचे. पंगतीलासुद्धा बसायचे नाहीत.

शेवटची फेक उरली. रस्त्याच्या वळणावर चिंच आडवी, पार तिच्यामागे. आबांनी त्याच हाताने लिंबू डावीकडे, शेताच्या दिशेने भिरकावलं.

"भाऊ, निंबू वावरमा गया!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

पण लिंबू हवेतच उजवीकडे वळत गेलं आणि चिंचेला वळसा घालून पारावर आदळलं.

मला ती जादू वाटली होती. गरगर फिरणारं लिंबू हवेला एका बाजूला ढकलतं आणि हवा त्याला दुसऱ्या बाजूला रेटते, हे पुढे कॉलेजात कळलं. उरलेल्या बोटांवरून निसटताना त्याला ती गिरकी मिळत होती. ते वळण ओळखीचं व्हायला आबांनी कुठल्यातरी रिकाम्या वावरात, कुणी बघत नसताना, किती लिंबं फेकली असतील, हे मात्र आता या वयात मनात येतं.

घरी परतताना त्यांनी हात खिशात घातला नाही. तोच हात माझ्या हातात दिला. त्याला लिंबाचा वास येत होता.