रेडिएटरवर ओतलेला हंडा

सासऱ्यांची फोर-व्हील-ड्राइव्ह जीप वयानं माझ्यापेक्षा थोडीच लहान आहे. ते गेल्यावर नारायणगावच्या घरापुढे ती नुसती उभी असायची. नवऱ्याला तिचा गिअर जड वाटतो, म्हणून हळूहळू ती माझ्याकडे आली. मागच्या उन्हाळ्यात ती तापून इंजिनातलं हेडगॅसकेट जळालं होतं, मोठा खर्च आला होता. तेव्हापासून मी चालवायला बसले की नवरा एकच सांगतो, "रस्त्यावर एक डोळा ठेव, दुसरा काट्यावर."

काटा म्हणजे इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवणारा. तो मधल्या खुणेच्या खाली राहिला की मी निवांत.

मे महिन्यात सासूबाईंनी भीमाशंकरला जायचं काढलं. जायचं ते सासऱ्यांच्याच गाडीतून, असा त्यांचा हट्ट. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघीच निघालो. घोडेगाव, शिनोली मागे पडलं, धरणाच्या पुढे चढ लागला. काटा अगदी शहाण्यासारखा मध्यावर होता. एका वळणावर गाडीला खड्ड्याचा दणका बसला आणि पुढे पाहते तर काटा थेट लाल पट्टीच्या टोकाला.

एका घरासमोर जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं. मागचा पाण्याचा पाच लिटरचा कॅन काढून सगळा रेडिएटरच्या जाळीवर ओतला. तेवढ्यानं माझं समाधान होईना. घरातून साधारण माझ्याच वयाची एक बाई बाहेर आली होती.

"गाडी तापली का ताई?"

"हो, पाणी मिळेल का थोडं?"

ती आत गेली आणि भरलेला हंडा घेऊन आली. मी तो घेतला आणि तसाच जाळीवर रिकामा केला. पाणी खालच्या मातीत धावलं. तिथं माती उकरत असलेल्या कोंबड्या त्यावर तुटून पडल्या. बाई ते बघत उभी होती. "अजून आणू?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात जराही नाराजी नव्हती. मी "आणा" म्हणाले. तिनं कळशी आणून दिली, तीही मी ओतली.

बऱ्याच वेळानं फडकं धरून रेडिएटरचं झाकण जपून फिरवलं. ना वाफ, ना फसफस. पाणी काठोकाठ. वरच्या पाईपला हात लावला तर कोमट. मग चावी फिरवली. इंजिन गार पडलेलं, तरी काटा उडी मारून लाल पट्टीवर गेला. तेव्हा मी खाली वाकून नीट पाहिलं. सेन्सरकडे जाणारी वायर क्लॅम्पपाशी घासून उघडी पडली होती आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकली होती. मी ती बोटानं उचलून बाजूला केली आणि आत डोकावले. काटा खाली आला होता.

गाडी तापलीच नव्हती.

"झालं का थंड?" बाईनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. माझ्या मागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी सगळं पाहिलं होतं. त्या बाईकडे वळल्या.

"पाणी कुठून आणता गं तुमी?"

"टँकर येतो, आजी. एक दिसाआड. काल आला न्हाई, मंग सकाळी खालून झऱ्यावरनं आणलं."

खाली धरणाचं पाणी लख्ख दिसत होतं. मी वायरीला चिकटपट्टी गुंडाळत राहिले, मान वर करायची हिंमत झाली नाही.

"हंडा दे इकडं," सासूबाई म्हणाल्या.

"आवो आजी, ऱ्हाऊ द्या. तुमी पावणं."

"दे म्हणते ना."

"आई, तुम्ही बसा, मी जाते," मी म्हणाले.

"तू बी चल. दोन भांडी मला एकटीला कुठं झेपणार?"

बाई वाट दाखवायला पुढे झाली. झरा म्हणजे खडकातला एक खळगा. त्यात पाणी पाझरायचं आणि वाटीनं भरायचं. तिथं गावातल्या दोघी बायका आधीच पाणी भरत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या सरकल्या, "भरा तुमी आधी, लांबून आलात." मी नाही नाही म्हणत होते. तरी त्यांनी माझ्या हातात वाटी दिलीच. वाटीमागे वाटी भरताना हंड्याचा तळसुद्धा लवकर झाकला जात नव्हता. मी तो एका दमात मातीत ओतला होता.

चढताना सासूबाईंनी कळशी डोक्यावर घेतली. माझ्या डोक्यावर हंडा टिकेना. कडेवर घेतला, साडीचा अर्धा भाग भिजला, वर पोचेपर्यंत पाव हंडा सांडलेला. बाईनं तो माझ्या हातून घेतला, फडक्यातून गाळला आणि त्यातलंच पाणी चहाला ठेवलं.

चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, गाडीला काय झालंच नव्हतं. वायर उघडी पडली व्हती. तुझं पाणी फुकाट गेलं."

मघाशी मीच "हो" म्हणून मोकळी झाले होते.

बाई हसली. "मंग बरंच झालं की. गाडी बिघडली असती तर ह्या उन्हात कुठं गेला असता तुमी?" तिला खरोखरच हायसं वाटलं होतं. ती रागावली असती तर मला क्षमा तरी मागता आली असती.

भीमाशंकरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. रांगेत सासूबाई माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होत्या, गुडघे चोळत होत्या. मी त्यांना म्हणाले, "आई, मी तिला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. तेवढंच.

नवऱ्यानं नंतर वायर बदलून घेतली. घरी कुणी पाहुणे आले की सासूबाई त्या दिवसाची गोष्ट सांगतात, झऱ्याची, त्या बाईच्या चहाची. मी समोर बसलेली असते. "जीप लई तापली व्हती," असं त्या सुरुवातीला म्हणतात, आणि माझ्याकडे न बघता पुढे सांगत जातात.