एका स्टेशनापुरता पास

अंबरनाथ स्टेशनावर तिकीट तपासनिसाने हटकलं, तर पासवाला माणूस थांबत नाही. खिशाकडे हात नेतो, "पास" एवढंच म्हणतो आणि चालत राहतो. माझ्या वडिलांनी तीस वर्षं हेच केलं. मुंबईतल्या एका कचेरीत ते कारकून होते. पास संपायच्या चार दिवस आधीच खिडकीशी हजर असत आणि शेजारपाजाऱ्यांनाही आठवण करत फिरत. आम्हाला त्याचा वैताग यायचा.

निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, स्टेशन सुटलं नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते फलाटावर जात, स्टॉलवर चहा घेत आणि बाकावर बसत. कुणी गाडी विचारली, की इंडिकेटरकडे न बघता सांगत. नवखा सापडला तर त्याला इतिहासही ऐकावा लागे: पूर्वी गाड्या किती कमी होत्या, तिकीट पुठ्ठ्याचं कसं असायचं, सरकता जिना आला तेव्हा एक म्हातारी चप्पल हातात घेऊन त्यावर कशी चढली. म्हातारी त्यांनी रचलेली असावी. आई म्हणायची, "जाऊ दे त्यांना. घरात बसले तर माझे डबे इकडचे तिकडे करतात."

मी ठाण्याला एका लॅबमध्ये काम करते. एका सकाळी पुलावरून उतरणार, तोच खाली पप्पा दिसले. समोर तिकीट तपासनीस बाई. पप्पांनी खिशाकडे हात नेला आणि "पास" म्हणाले. तो संपून बरेच दिवस झाले होते. कुठे जायचंच नसलं तरी नुसतं बसायलाही तिकीट लागतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मभर पासावर ये-जा केलेल्या माणसाच्या ते डोक्यात येत नाही.

"काका, दाखवा ना जरा." बाईंनी पास हातात घेतला. "अहो, हा तर कधीच खतम झालाय. आलात कुठून?"

"कुठून नाही. इथेच बसतो मी."

"मग प्लॅटफॉर्म तिकीट?"

बाईंचं काही चुकलं नाही. त्यांनी आवाजही चढवला नाही. पण स्टॉलवाला बघत होता, बाकावरची माणसं बघत होती, आणि पप्पा मान खाली घालून खिसे चाचपत होते. मी कठड्यापासून मागे सरकले. आपण गेलो तर त्यांना जास्त लागेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच लाज वाटत होती. गाडी लागली तशी पलीकडच्या जिन्याने उतरून मी चढले.

दुसऱ्या दिवसापासून पप्पा घरात. गुडघा दुखतो म्हणाले. आठवडाभरात तांदळाचा डबा तीनदा हलला, आणि आई एकदाही बोलली नाही. सकाळी गाडीचा भोंगा ऐकू आला, की ते खिडकीत उभे राहून घड्याळ बघत. मला ते बघवेना.

शनिवारी मी खुंटीवरच्या शर्टातून त्यांचं ओळखपत्र घेतलं आणि तीन महिन्यांचा पास काढून आणला. अंबरनाथ ते बदलापूर, एकच स्टेशन. जेवताना त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"बदलापूरला माझं काय काम?"

"काही नाही. चहा इथलाच प्या. खिशात असू द्या."

त्यांनी आधी तारीख तपासली. मग पास प्लास्टिकच्या पाकिटात नीट सरकवला.

"म्हणजे तुला कळलंय."

"स्टॉलवाला म्हणाला," मी थाप मारली.

"पुलावर होतीस तू. हिरव्या ओढणीत." ते भात कालवू लागले. "मी मुद्दाम परत वर बघितलं नाही. नजरानजर झाली असती तर धावत खाली आली असतीस, आणि तुझी सात बावन्न गेली असती."

मी आमटी वाढून घेतली. मी आले नसते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.