दोन ढिगांपुरता दम

अकोल्याच्या दवाखान्यातून सुटी देताना डॉक्टरांनी तीन चेंडूंचं एक यंत्र दिलं. स्पायरोमीटर, म्हणजे फुप्फुसांना व्यायाम देणारं खेळणं. कामरगावला घरी आल्यावर मी ते तोंडाला लावलं आणि जीव खाऊन फुंकलं. सकाळी फुंकलं, दुपारी फुंकलं, गरगरून खाटेवर पडलो. एकही चेंडू हलला नाही. आपली फुप्फुसं संपली, असं मी ठरवून टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून रडलो.

बायको बघत होती. "काहो, फुकून काहून राह्यले? चूल हाय का ते? डॉक्टर आत वढा म्हनले व्हते."

ओढलं. एक चेंडू जरासा वर उठला आणि बसला. मला हसू आलं, मग खोकला आला, मग भीती परत आली. कारण आता बरोबर करूनही एकच चेंडू, तोही अर्धा!

कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. मागे राहिलं होतं फायब्रोसिस. "जखम भरल्यावर कातडी घट्ट होते, तसं फुप्फुस काही ठिकाणी घट्ट झालंय," डॉक्टर म्हणाले. "किती सुटेल ते आज सांगता येणार नाही. घाई करू नका, पण पडूनही राहू नका." त्यातलं 'सांगता येणार नाही' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

माझं पोट दमावर. कारंज्याच्या धान्यबाजारात मी हर्रास, म्हणजे लिलाव, बोलतो. सोयाबीनच्या ढिगाशी उभं राहायचं आणि व्यापारी भाव चढवतील तसा तो ओरडत राहायचं. बोलणारा थांबला की बोली तुटली, शेवटच्या भावात माल गेला.

आणि मला तर आंघोळीत दोन तांबे ओतले की धाप लागायची. दाराला कडी लावायची हिंमत नव्हती. ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा चिमटा, मी जेवतानाही काढत नसे. डाव्या हाताच्या बोटात चिमटा, उजव्या हातात भाकरी, डोळे आकड्यावर. भेटायला आलेला माणूस बोलायचा आणि मी माझ्या बोटाकडे बघायचो.

हळूहळू फाटकापर्यंत चाललो, पुढे काही महिन्यांनी एसटी थांब्यापर्यंत. गाडीची वाट बघणारे विचारायचे, "कुठं निघाले?"

"इथपर्यंतच," मी म्हणायचो.

तुमच्या घरी कोणी असं परत आलं असेल तर सांगतो, आकडा आधी सुधारतो, भीती फार उशिरा. तोवर त्या माणसाला 'आता तर बरे झाले ना' म्हणू नका.

पुढच्या हंगामात डॉक्टर म्हणाले, "थोडं थोडं बोलून बघा." गेलो. पहिला ढीग इंझोरीच्या एका म्हाताऱ्याचा. भाव चढत गेला आणि मधेच माझा दम संपला. तोंड उघडं, आवाज नाही. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटचा भाव हबीबभाईंचा होता, बाजारातले जुने व्यापारी. माल स्वस्तात त्यांच्या पदरात पडत होता. माझ्या छातीपायी म्हाताऱ्याचं वर्ष गेलं.

हबीबभाईंनीच हात वर केला. "बोली तुटली नाई रे! मानूस दम घेऊन राह्यला. ठैरा जरा." मग माझ्याकडे वळून, "आरामात घ्या भाऊ. हवेवर अजून कोनी भाव लावला नाई."

सगळे हसले आणि थांबले. मी श्वास ओढला, पुढचा भाव बोललो. ढीग चढ्या भावात दुसऱ्याकडे गेला. अजून एक ढीग बोललो, मग दम पुरेना. काम सोबत्याकडे देऊन पोत्यावर बसलो.

घरी बायको वांगी चिरत होती. मी मान खाली घालून सांगितलं, "दोनच ढीग झाले वं माह्याच्यानं."

तिनं विळी बाजूला सारली. "दवाखान्यातून फोन केला व्हता तुमी. 'हॅलो' म्हनले, आन् पुढं नुसता दम आयकू ये. तेवढं आयकून मी त्या दिवशी जेवली. आन् तुमाले दोन ढीग कमी वाटून राह्यले?"